वाचकांचे प्रश्न : प्रॉम्प्टने खरे सांगावे

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेली पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती, म्हणून ती या अंकात एकत्र घेतली आहेत. विषय आहे डेटाबेसच्या कमांड लाइन साधनांचा प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या जागेआधी पडद्यावर दिसणारी खूण, आणि ती साधने सुरू होताना वाचत असलेली फाइल. पोस्टग्रेसचे असे साधन पीएसक्यूएल, ओरॅकलचे एसक्यूएल प्लस आणि मायएसक्यूएलचे त्याच नावाचे. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच लिहाव्यात, आणि लहान-मोठ्या लिपीमुळे (स्मॉल-कॅपिटलमुळे) अर्थ बदलतो तिथे दिलेली सूचना कृपया डावलू नये.

प्रश्न : मी ऐरोलीतील एका कार्यालयात पोस्टग्रेसवर काम करते. चाचणीचा आणि प्रत्यक्ष कामकाजाचा, असे दोन्ही डेटाबेस दिवसभर शेजारशेजारच्या खिडक्यांत उघडे असतात. दोन्हींचे नाव एकच असल्यामुळे पीएसक्यूएलचा प्रॉम्प्टही हुबेहूब सारखा दिसतो. मागच्या आठवड्यात चुकीच्या खिडकीत अपडेट लिहून झाले होते. एंटर दाबण्याआधी लक्षात आले म्हणून निभावले. प्रॉम्प्टमध्ये सर्व्हरचे नाव कसे आणावे? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : आपण थांबलात हे फार चांगले झाले. मी थांबलो नव्हतो. बऱ्याच वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमधील एका कार्यालयात ओरॅकलच्या दोन खिडक्या माझ्यासमोर उघड्या होत्या आणि दोन्हींत फक्त ‘एसक्यूएल>’ एवढेच दिसत होते. चाचणीच्या तक्त्यात जेमतेम काही डझन ओळी होत्या. मी डिलीट चालवले आणि उत्तरात हजारोंचा आकडा आला, तेव्हा कळले की ही खिडकी दुसरी. घाबरून माझा हात ‘एक्झिट’ लिहायला गेला होता. ते लिहिले असते तर सगळे संपले असते, कारण एसक्यूएल प्लसमधून नेहमीच्या रीतीने बाहेर पडताना अपुरे राहिलेले बदल कायम होतात. शेजारच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी “काही करू नकोस, आधी रोलबॅक कर” असे सांगितले, त्या आज्ञेने कायम न झालेले बदल मागे घेतले गेले आणि ओळी परत आल्या. त्या दिवसापासून प्रॉम्प्ट हा विषय मी सजावटीचा मानत नाही. ठाणे-बेलापूर मार्गावरच्या डेटा सेंटरमधील जी यंत्रे आपण रोज हाताळतो, त्यांतली बहुतेक आपण कधी डोळ्यांनी पाहिलेलीही नसतात. आपण कोणत्या यंत्राशी बोलत आहोत हे सांगणारी ती एकच ओळ आपल्यापाशी असते, आणि तिने खरे सांगितले पाहिजे.

आता आपल्या प्रश्नाकडे. पीएसक्यूएलचा मूळचा प्रॉम्प्ट डेटाबेसचे नाव दाखवतो, पण सर्व्हर, पोर्ट आणि वापरकर्ता दाखवत नाही. आपल्याकडे नावे सारखी असल्यामुळे त्याचा काही उपयोग होत नाही. आपल्या होम फोल्डरमध्ये ‘.पीएसक्यूएलआरसी’ नावाची फाइल तयार करून (आरंभीचे टिंब विसरू नये) तिच्यात पुढील ओळ लिहावी :

\सेट प्रॉम्प्ट१ '%एन@%एम:%> %/%आर%एक्स%# '

यातील ‘प्रॉम्प्ट’ हा शब्द तसेच एम आणि आर ही अक्षरे मोठ्या लिपीत, तर एन आणि एक्स लहान लिपीत लिहावेत. एन म्हणजे वापरकर्ता, एम म्हणजे सर्व्हर, ‘%>’ म्हणजे पोर्ट आणि ‘%/’ म्हणजे चालू डेटाबेस. एमच्या लिपीबद्दल मी आग्रहाने सांगतो आहे, कारण लहान एम सर्व्हरचे नाव पहिल्या टिंबापाशी तोडतो. आपण नावाऐवजी आयपी पत्ता देऊन जोडणी करत असाल, तर १०.२०.३०.४० आणि १०.२०.३०.५० या दोन्ही सर्व्हरांसाठी प्रॉम्प्टमध्ये केवळ ‘१०’ दिसेल, आणि प्रॉम्प्ट बदलल्याच्या समाधानात आपण पूर्वीपेक्षा अधिक बेसावध व्हाल.

शेवटची तीन चिन्हेही जाणून घेण्यासारखी आहेत. ‘%आर’च्या जागी एरवी बरोबरचे चिन्ह दिसते आणि जोडणी तुटली की उद्गारचिन्ह येते. ‘%एक्स’च्या जागी एरवी काहीच नसते, व्यवहार म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्रच कायम किंवा रद्द होणारे बदल) उघडे असेल तर तारा दिसतो आणि त्या व्यवहारात चूक होऊन तो अडला असेल तर उद्गारचिन्ह दिसते. ‘%#’च्या जागी साध्या वापरकर्त्याला ‘>’ आणि सुपरयूजरला ‘#’ मिळते. म्हणजे ‘वेतन=*#’ असा प्रॉम्प्ट वाचताच कळते की आपण सुपरयूजर म्हणून आत आहोत आणि आपले काम अजून कायम झालेले नाही. जेवायला उठण्यापूर्वी या एका ताऱ्याकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण उघडा राहिलेला व्यवहार इतरांच्या वाटेतही कुलपे अडकवून ठेवतो.

अपुऱ्या राहिलेल्या आज्ञेच्या पुढच्या ओळीसाठी प्रॉम्प्ट२ असतो. तो बदलायचा असेल तर त्यातून ‘%आर’ काढू नये. अवतरणचिन्ह बंद करायचे राहिले असेल तर तिथे अवतरणचिन्ह दिसते, कंस उघडा असेल तर कंस दिसतो. “एंटर दाबतोय पण काहीच होत नाही” ही नवख्यांची तक्रार बहुतेक वेळा तिथेच सुटते.

ही झाली सोपी बाजू. यापुढचा भाग कमी लोकांना ठाऊक असतो, आणि माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. प्रॉम्प्टमधला सर्व्हर म्हणजे आपल्या संगणकाने ज्या नावाशी जोडणी केली ते नाव. आपण एसएसएच टनेलमधून (दुसऱ्या यंत्रामार्फत नेलेल्या सुरक्षित जोडणीतून) जात असाल, तर कामकाजाच्या सर्व्हरलाही प्रॉम्प्ट ‘लोकलहोस्ट’ असेच म्हणेल. अशा वेळी फरक कळतो तो फक्त पोर्टवरून, आणि म्हणूनच वरच्या ओळीत पोर्ट ठेवला आहे. याहून पक्का उपाय म्हणजे सर्व्हरलाच त्याचे नाव विचारणे. पोस्टग्रेसच्या सेटिंगमध्ये ‘क्लस्टर_नेम’ नावाची जागा आहे. आपल्या डीबीएंना (डेटाबेस सांभाळणाऱ्यांना) विनंती करून कामकाजाच्या सर्व्हरवर तिथे ‘प्रॉड’ आणि चाचणीच्या सर्व्हरवर ‘टेस्ट’ असे लिहून घ्यावे. मग सुरुवातीच्या फाइलमध्ये ‘करंट_सेटिंग’ने हे नाव सिलेक्ट करून ओळीच्या शेवटी अर्धविरामाऐवजी ‘\जीसेट’ लिहिले की ते एका चलात (व्हेरिएबलमध्ये) साठते, आणि ‘\इफ’च्या साहाय्याने कामकाजाच्या सर्व्हरसाठी लाल व चाचणीसाठी हिरवा प्रॉम्प्ट देता येतो. ‘\इफ’ ही सोय पोस्टग्रेस १० पासून आहे.

रंग देताना एक पथ्य पाळावे. रंगाची चिन्हे पडद्यावर जागा घेत नाहीत, हे पीएसक्यूएलला सांगावे लागते. त्यासाठी प्रत्येक रंगचिन्ह ‘%[’ आणि ‘%]’ यांच्या मध्ये ठेवावे. तसे न केल्यास सुरुवातीला सगळे ठीक दिसते, पण वरचा बाण दाबून जुनी लांब आज्ञा आणली की ओळीची लांबी चुकते, अक्षरे एकमेकांवर चढतात, आणि जी आज्ञा आपण दुरुस्त करत आहोत असे वाटते ती प्रत्यक्षात वेगळीच असते.

दुसरी मर्यादा गंभीर आहे. सुरुवातीची फाइल पीएसक्यूएल सुरू होताना एकदाच वाचली जाते. त्याच खिडकीतून ‘\सी’ वापरून आपण दुसऱ्या सर्व्हरला गेलात, तर एम, पोर्ट आणि डेटाबेसचे नाव आपोआप बदलते, मात्र ‘\जीसेट’ने साठवलेले नाव आणि त्यावर बेतलेला रंग जुनाच राहतो. हिरव्या प्रॉम्प्टमध्ये कामकाजाचा सर्व्हर, ही परिस्थिती रंग नसण्यापेक्षा वाईट आहे. म्हणून रंग वापरणाऱ्यांनी ‘\सी’ने सर्व्हर बदलू नये, बाहेर पडावे आणि नव्याने जोडणी करावी. शंका आली तर ‘\कॉनइन्फो’ आहेच.

आणखी एक ओळ सुचवतो, कारण आपल्या प्रसंगाशी तिचा थेट संबंध आहे. पीएसक्यूएल सर्व जोडण्यांचा आज्ञा-इतिहास एकाच फाइलमध्ये ठेवतो. त्यामुळे सकाळी चाचणीत चालवलेले डिलीट दुपारी कामकाजाच्या खिडकीत वरच्या बाणाने समोर येऊ शकते. ‘हिस्टफाइल’ या चलात फाइलच्या नावापुढे ‘:होस्ट’ आणि ‘:डीबीनेम’ जोडले की प्रत्येक सर्व्हरचा इतिहास वेगळा राहतो. दूरच्या सर्व्हरांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ लिहावी असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : एका ज्येष्ठांच्या सल्ल्यावरून मी माझ्या पीएसक्यूएलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये ऑटोकमिट (प्रत्येक आज्ञेनंतर बदल आपोआप कायम करणे) बंद केले. त्यानंतर रात्री ठरलेल्या वेळी क्रॉनमधून आपोआप चालणारी माझी एक स्क्रिप्ट लॉगमध्ये ‘इन्सर्ट ० १’ असे दाखवते, कुठेही चूक दाखवत नाही, पण सकाळी तक्त्यात ती ओळ नसते. जुन्या सर्व्हरवर हीच फाइल आणि हीच स्क्रिप्ट व्यवस्थित चालत होती. (एक वाचक, कोलशेत रोड, ठाणे)

उत्तर : आपल्या जुन्या सर्व्हरवर पीएसक्यूएल ९.५ किंवा त्याहून जुना असावा. त्या काळात ‘-सी’ पर्यायाने एखादी आज्ञा दिली की सुरुवातीची फाइल वाचली जात नसे. २०१६ मध्ये आलेल्या ९.६ आवृत्तीपासून हे बदलले आणि ‘-सी’ असतानाही फाइल वाचली जाऊ लागली. त्यामुळे आपण स्वतःच्या हाताच्या सोयीसाठी केलेला बदल रात्रीच्या स्क्रिप्टलाही लागू झाला. पीएसक्यूएलने आपल्या इन्सर्टपूर्वी गुपचूप व्यवहार उघडला, ओळ घातली, ‘इन्सर्ट ० १’ हे उत्तर लॉगमध्ये पोहोचले, आणि कमिट न होताच, म्हणजे बदल कायम न होताच, कार्यक्रम संपल्यामुळे सर्व्हरने तो व्यवहार रद्द केला. लॉग खोटे बोलत नव्हता. ओळ खरोखर घातली गेली होती, फक्त कायम झाली नव्हती. ओरॅकलवरून पोस्टग्रेसकडे आलेले लोक इथे हमखास अडखळतात, कारण बाहेर पडताना एसक्यूएल प्लस कमिट करतो आणि पीएसक्यूएल करत नाही.

उपाय एका अक्षराचा आहे. स्क्रिप्टमधल्या प्रत्येक पीएसक्यूएलला ‘-एक्स’ हा पर्याय द्यावा, मोठ्या लिपीतला; लहान एक्स दिला तर फाइल वाचली जाईलच, शिवाय उत्तर उभ्या मांडणीत येईल. त्याच्या जोडीला ‘ऑन_एरर_स्टॉप’ हे चल १ करावे, म्हणजे फाइलमधून चालवलेली स्क्रिप्ट पहिल्या चुकीपाशी थांबते आणि पीएसक्यूएल ३ हा निर्गमन संकेत देतो, जो क्रॉनमधल्या शेल स्क्रिप्टला तपासता येतो. हे चल नसेल तर मधली आज्ञा फसली तरी पुढच्या आज्ञा चालतच राहतात आणि शेवटी सगळे सुरळीत झाल्यासारखा शून्य संकेत मिळतो.

ऑटोकमिट बंद ठेवण्याचा सल्ला मी स्वतः सरसकट देत नाही. बंद असताना साधे सिलेक्टसुद्धा व्यवहार उघडते, आणि संध्याकाळी ठाण्याची गाडी पकडण्याच्या घाईत खिडकी तशीच राहिली, तर तो व्यवहार रात्रभर उघडा राहून व्हॅक्यूमच्या (जुन्या, निरुपयोगी ओळींच्या) साफसफाईला अडथळा करू शकतो. त्याऐवजी धोक्याचे काम हाती घेताना स्वतः ‘बिगिन’ लिहावे आणि सुरुवातीच्या फाइलमध्ये ‘ऑन_एरर_रोलबॅक’ला ‘इंटरॅक्टिव्ह’ ही किंमत द्यावी, म्हणजे एखाद्या शब्दाची चूक झाली म्हणून आधीचा सगळा व्यवहार वाया जात नाही. सुरुवातीच्या फाइलमध्ये काय असावे याचा माझा निकष असा आहे : जे माणसाच्या डोळ्यांसाठी आहे ते असावे, आणि ज्याने आज्ञेचा परिणाम बदलतो ते शक्यतो नसावे. डोळ्यांसाठीच्या गोष्टीही स्क्रिप्टला बाधू शकतात. नल किंमत (म्हणजे नोंदच नसणे) दिसावी म्हणून ‘\पीसेट नल’ने एखादे चिन्ह ठरवले असेल, तर पीएसक्यूएलचे उत्तर वाचणाऱ्या शेल स्क्रिप्टला रिकाम्या जागेऐवजी तेच चिन्ह मिळते. तेव्हा ‘-एक्स’ची सवय सर्वांनीच लावावी.

प्रश्न : ओरॅकलची आवृत्ती बदलल्यापासून एसक्यूएल प्लस माझी लॉगिन फाइल वाचतच नाही. प्रॉम्प्ट पुन्हा ‘एसक्यूएल>’ झाला आहे. फाइल पूर्वी होती त्याच फोल्डरमध्ये आहे. (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : फाइल त्याच फोल्डरमध्ये आहे, हेच कारण आहे. १२.२ आवृत्तीपासून एसक्यूएल प्लस चालू फोल्डरमधील ‘लॉगिन.एसक्यूएल’ वाचत नाही. लिनक्सवर ‘ओरॅकल_पाथ’ आणि विंडोजवर ‘एसक्यूएलपाथ’ या एन्व्हायर्नमेंट चलात ज्या फोल्डरचा मार्ग दिला असेल, तिथलीच फाइल वाचली जाते. आपल्या शेलच्या प्रोफाइलमध्ये हे चल भरून घ्यावे. बदल त्रासदायक वाटला तरी तो योग्य आहे. या फाइलमध्ये ‘होस्ट’ लिहून ऑपरेटिंग सिस्टिमची कोणतीही आज्ञा चालवता येते. सर्वांना लिहिता येईल अशा फोल्डरमध्ये कोणी स्वतःची लॉगिन फाइल ठेवली आणि डीबीएने तिथे उभे राहून एसक्यूएल प्लस सुरू केला, तर ती आज्ञा डीबीएच्या अधिकाराने चालत असे.

फाइल हाताशी आहेच, तर प्रॉम्प्टही तपासून घ्यावा. अनेक जुन्या फाइलींमध्ये ‘ग्लोबल_नेम’ सिलेक्ट करून, ते ‘न्यू_व्हॅल्यू’ने चलात घेऊन प्रॉम्प्टमध्ये घालण्याची युक्ती दिसते. ओरॅकलच्या ९आय आवृत्तीपर्यंत ही फाइल सुरुवातीलाच एकदा वाचली जाई, त्यामुळे ‘कनेक्ट’ने दुसरीकडे गेल्यावरही प्रॉम्प्ट आधीच्याच डेटाबेसचे नाव सांगत राही. १०जीपासून फाइल प्रत्येक ‘कनेक्ट’नंतर पुन्हा वाचली जाते आणि जोडणीची माहिती देणारी तयार चलेही मिळतात, तेव्हा पुढील ओळ पुरेशी आहे :

सेट एसक्यूएलप्रॉम्प्ट "_यूजर'@'_कनेक्ट_आयडेंटिफायर _प्रिव्हिलेज> "

सिसडीबीए (सर्वाधिकारी) म्हणून आत गेल्यावर शेवटच्या चलाच्या जागी तसे शब्दच दिसतात, ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट. मात्र मधले चल म्हणजे आपण जोडताना दिलेले टीएनएसमधले (ओरॅकलच्या जोडण्यांची नावे आणि पत्ते असलेल्या फाइलमधले) नाव. टीएनएसच्या फाइलमध्ये कोणी ‘टेस्ट’ या नावापुढे कामकाजाच्या सर्व्हरचा पत्ता लिहून ठेवला असेल, तर प्रॉम्प्ट निःशंकपणे ‘टेस्ट’ म्हणेल. मोठ्या कामापूर्वी ‘सिस_कॉन्टेक्स्ट’ला ‘यूजरएन्व्ह’ आणि ‘सर्व्हर_होस्ट’ देऊन यंत्राचे नाव विचारून घ्यावे. वर सांगितलेल्या माझ्या प्रसंगावरून आणखी एक ओळ फाइलमध्ये घालावी अशी विनंती करतो : ‘सेट एक्झिटकमिट ऑफ’. ओळीची रुंदी मूळची ८० आणि पानाची लांबी १४ असते. आजच्या पडद्यांवर दोन्ही वाढवायला हरकत नाही.

प्रश्न : मायएसक्यूएलचा प्रॉम्प्ट बदलण्यासाठी होम फोल्डरमधील ‘.माय.सीएनएफ’मध्ये ओळ लिहिली. प्रॉम्प्ट सुंदर दिसतो, पण त्याच रात्रीपासून मायएसक्यूएलडम्पचा बॅकअप ‘अननोन व्हेरिएबल’ म्हणून बंद पडला आहे. (एक वाचक, महापे)

उत्तर : ओळ चुकीच्या गटात गेली आहे. ‘[क्लायंट]’ या गटातील ओळी डम्पसह सर्व साधने वाचतात, आणि ‘प्रॉम्प्ट’ म्हणजे काय हे डम्पला ठाऊक नाही. ती ओळ ‘[मायएसक्यूएल]’ गटाखाली हलवावी आणि आजच एक बॅकअप हाताने घेऊन ठेवावा. प्रॉम्प्ट="\\यू@\\एच [\\डी]> " असे लिहावे; सर्व अक्षरे लहान लिपीत, कारण मोठा डी डेटाबेसऐवजी तारीख दाखवतो. या फाइलमध्ये काही अक्षरांपुढच्या बॅकस्लॅशला स्वतःचा वेगळा अर्थ असतो, उदाहरणार्थ एसपुढे तो मोकळी जागा होतो, म्हणून तो दोनदा लिहिणे सुरक्षित.

त्याच गटात ‘सेफ-अपडेट्स’ ही ओळही घालावी. मग वेअरमध्ये की असलेला स्तंभ किंवा लिमिट नसलेले अपडेट आणि डिलीट नाकारले जाते. मात्र त्याबरोबर सिलेक्टवर १००० ओळींची मर्यादाही येते. तक्त्यातून नेमक्या १००० ओळी मिळाल्या तर तक्ता तेवढाच आहे असे समजू नये.

प्रश्न : आमच्या जंप सर्व्हरवर (ज्यातून इतर सर्व्हरांवर जावे लागते त्या यंत्रावर) सगळे जण एकाच लिनक्स खात्यातून पीएसक्यूएल वापरतात. एकाने सुरुवातीची फाइल बदलली की सर्वांचेच बदलते, आणि सध्या त्या फाइलमध्ये पासवर्डही लिहिलेला आहे. (एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे)

उत्तर : पासवर्ड आधी बदलावा आणि त्या फाइलमधून काढावा. तो ठेवायचाच असेल तर ‘.पीजीपास’ फाइलमध्ये ठेवावा आणि तिची परवानगी ०६०० करावी. इतरांना वाचता येत असेल तर लिनक्सवर पीएसक्यूएल ती फाइल विचारातच घेत नाही. मात्र खाते एकच असेपर्यंत ती फाइलही सर्वांना खुली राहील, म्हणून प्रत्येकाला वेगळे खाते मिळवून देणे हाच खरा इलाज आहे. तोवर प्रत्येकाने आपली फाइल वेगळ्या नावाने ठेवून, आत आल्यावर ‘पीएसक्यूएलआरसी’ या एन्व्हायर्नमेंट चलात तिचा मार्ग द्यावा, आणि सामायिक फाइलमध्ये सर्व्हर, पोर्ट व वापरकर्ता दाखवणाऱ्या प्रॉम्प्टच्या ओळीखेरीज काहीही ठेवू नये. सामायिक फाइलमध्ये ‘\!’ने सुरू होणारी ओळ दिसली, तर ती कोणी आणि कशासाठी लिहिली हे विचारल्याशिवाय पीएसक्यूएल सुरू करू नये. तोवर ‘-एक्स’ देऊन काम चालवावे.